मृगाच्या आधी ट्रॅपमध्ये पाणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या इमारतीत एक काम न चुकता होते. प्रत्येक मजल्यावर दोन याप्रमाणे नऊ मजल्यांवरच्या अठरा एएचयूंच्या, म्हणजे हवा थंड करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्रांच्या, ड्रेनला यू आकाराचा जो बाक (यू-ट्रॅप) असतो, त्यात आमचा प्लांट ऑपरेटर तांब्याने पाणी ओततो. बाहेर ऊन रणरणत असते आणि पावसाचा मागमूस नसतो, त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या मुलांना हा प्रकार एखाद्या विधीसारखा वाटतो. कारण समजले की मात्र तीच मुले पुढच्या वर्षी आठवण करून देतात.

एएचयूमध्ये पंखा असतो आणि त्याच्या आधी थंड पाणी खेळवलेली कॉइल असते. हवा कॉइलवरून जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये पडते आणि ड्रेनच्या पाइपने निघून जाते. पंखा कॉइलमागून हवा ओढत असल्यामुळे ट्रेच्या जागी सतत शोषण असते. ट्रॅपमध्ये पाणी उभे असेल तर ते शोषण तिथेच थोपवले जाते आणि ट्रेमधले पाणी सुखाने वाहते. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवरून थेंबही पडत नाही, दोन महिन्यांत ट्रॅप सुकतो, आणि जूनमधल्या पहिल्या दमट दिवशी पंखा त्या रिकाम्या पाइपातून उलट हवा ओढू लागतो. ट्रेमधले पाणी मग जागच्या जागी तुंबते, काठावरून सांडते आणि खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगवर चहाच्या रंगाचे डाग उमटतात. पाऊस आणि डाग एकाच दिवशी आल्यामुळे सगळ्यांचा संशय गच्चीवर जातो, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावणे जाते, आणि दोन तांबे पाण्याचे काम काही हजारांचे होऊन बसते.

पुण्याच्या पूर्व भागातील या कार्यालयीन इमारतीची देखभाल मी गेली काही वर्षे पाहते आहे. लिफ्ट, पंप, जनित्र, अग्निशमन अशी बरीच जबाबदारी असली तरी माझा सर्वाधिक वेळ हवेत जातो, आणि या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे मोठ्या इमारतींची हवा तापमापकाकडे पाहून सांभाळली जाते. ती हवेतल्या पाण्याकडे पाहून सांभाळायला हवी. उन्हाळ्याची आपण जय्यत तयारी करतो, कारण उन्हाळा अंगाला जाणवतो. खरी कसोटी मात्र पावसाळ्याची असते आणि त्याची तयारी मृग लागण्याच्या आधी संपलेली असावी लागते.

माझ्या टेबलाच्या खणात एक साधे उपकरण असते. एका दांड्याला दोन तापमापक लावलेले असतात, एकाच्या फुग्यावर ओली वात गुंडाळलेली असते, आणि गच्चीवर जाऊन ते मिनिटभर गरगर फिरवले की दोन आकडे मिळतात. हवा कोरडी असेल तर वातीतले पाणी भराभर उडते आणि ओला तापमापक कितीतरी खाली उतरतो. हवा दमट असेल तर दोघे शेजारी शेजारी थांबतात. एप्रिलमधल्या दुपारी मला कोरड्यावर ३८ आणि ओल्यावर २१ अंश दिसतात. जुलैमध्ये झड लागलेली असताना तेच आकडे २६ आणि साडेचोवीस असतात. कोणाही माणसाला विचारले तर तो म्हणेल की एप्रिलची हवा थंड करायला जास्त कष्ट पडणार.

हिशेब मांडला की उलट उत्तर येते. एप्रिलच्या त्या हवेत दर किलोमागे साधारण साडेनऊ ग्रॅम पाणी असते, आणि आपल्याला कार्यालयात हवी असलेली २४ अंश व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यातही जवळपास १० ग्रॅमच असते. म्हणजे एप्रिलची हवा फक्त गार करायची आहे, सुकवायची नाही. जुलैच्या हवेत किलोमागे २० ग्रॅम पाणी असते, म्हणजे हवे त्याच्या दुप्पट. त्या जादा पाण्याचे बाष्प थंड होऊन थेंब बनताना जी उष्णता सोडते ती कॉइलला शोषून घ्यावी लागते, आणि ती धरली तर जुलैची एक किलो हवा खोलीच्या स्थितीला आणायला एप्रिलच्या हवेच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. बाहेर शाल पांघरावी असे वाटत असताना कॉइलचे पाणी थंड करणारे आमचे चिलर धापा टाकत असतात ते यामुळे. भरीला, चिलरची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या कूलिंग टॉवरमधले पाणीही ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली उतरू शकत नाही, त्यामुळे जुलैमध्ये टॉवरकडून चिलरला मिळणारे पाणीसुद्धा एप्रिलपेक्षा कोमटच असते.

पाण्याचा हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एका मजल्याचे उदाहरण घेते. दोन हजार चौरस मीटरचा मजला आणि तीनशे माणसे धरली, तर अमेरिकेतील ॲश्रे या संस्थेच्या मानकाप्रमाणे कार्यालयासाठी माणशी अडीच लिटर आणि चौरस मीटरमागे ०.३ लिटर प्रतिसेकंद इतकी ताजी हवा लागते. बेरीज केली की १,३५० लिटर प्रतिसेकंद होते, म्हणजे आमच्या भाषेत सुमारे २,८५० सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट). वर सांगितलेल्या जुलैच्या दिवशी एवढ्या हवेबरोबर दर तासाला पन्नास लिटरहून अधिक जादा पाणी आत येते. नऊ मजले भरलेले असतील तर दहा तासांच्या दिवसात हे पाणी साडेचार हजार लिटरच्या पुढे जाते, म्हणजे दोन-सव्वादोन दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर. ते नुसते हवेतून काढून टाकायला चिलरच्या थंड करण्याच्या क्षमतेतले (ती टनांत मोजतात) सुमारे ९० टन खर्ची पडतात. आम्ही हे पाणी आता गटारात सोडत नाही. ते शुद्ध आणि गार असते, म्हणून वेगळ्या पाइपने कूलिंग टॉवरच्या टाकीत नेतो.

वातानुकूलनाचा जन्मसुद्धा उकाड्यावर उपाय म्हणून झालेला नाही, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचे काम कागद दमट हवेत फुगू नये आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसावा हे होते. यंत्राचे मूळ काम हवेतले पाणी सांभाळण्याचे होते आणि गारवा त्यासोबत आला. आपल्यासारख्या चार महिने पाण्यात भिजणाऱ्या मुलखात तरी हे विसरून चालणार नाही.

आता ज्या प्रसंगाने मी हे सारे शिकले तो सांगते. मी या इमारतीत आले त्याच वर्षीच्या जूनमध्ये चौथ्या मजल्यावरून तक्रार आली की लेखा विभागातल्या एका टेबलावर छतातून पाणी ठिबकते आहे. वर पाचव्या मजल्यावर कोरडे ठणठणीत होते, तिथून कोणताही पाइप जात नव्हता. शिडी लावून पाहिले तर ठिबकणारे पाणी हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या पत्र्यावर जमलेले होते. माठातले पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे त्या पत्र्यावर बारीक थेंब दाटले होते आणि एकमेकांत मिसळून काठाशी ओघळत होते. सीलिंगची एक टाइल सरकवून आत हात घातला तेव्हा अंगावर काटा आला, कारण वरच्या पोकळीतली हवा न्हाणीघरातल्यासारखी ओलसर होती आणि डक्टवरचे इन्सुलेशन जिथे फाटले होते तिथे काळी बुरशी धरली होती. खालच्या कार्यालयात मात्र मशीन नीट चालू होते.

ही ओली हवा वर आली कुठून, हे मला दोन दिवस उमगले नाही. ते कोडे सुटले ते स्वच्छतेचे काम करणाऱ्या आमच्या मावशींच्या एका वाक्याने. लॉबीतले काचेचे दार बाहेरून ओढून उघडायचे आहे, आणि त्या बादली घेऊन आत येताना म्हणाल्या, "मॅडम, पावसाळा लागला की हे दार लय जड होतंय बघा. आतनं कुणी धरून ठेवल्यागत." मी एक टिश्यू पेपरची पट्टी फाडली, दार बोटभर उघडून फटीत धरली, आणि ती पट्टी आतल्या बाजूला आडवी होऊन फडफडत राहिली. इमारत बाहेरची हवा ओढत होती. आतला दाब बाहेरपेक्षा दहा पास्कलने जरी कमी असला तरी दोन चौरस मीटरच्या दारावर साधारण दोन किलो वजनाएवढा जोर येतो. मावशींच्या हाताला तो नेमका कळला होता.

ऑपरेटरला विचारल्यावर बाकीचे धागे जुळले. पहिला पाऊस पडला की ओली हवा आत नको, वीजही वाचेल, अशा चांगल्या हेतूने सर्व एएचयूंचे फ्रेश एअर डॅम्पर, म्हणजे ताजी हवा आत घेणाऱ्या झडपा, पूर्ण बंद करायचे, अशी या इमारतीची जुनी पद्धत होती. स्वच्छतागृहांचे आणि पँट्रीचे एक्झॉस्ट पंखे मात्र रात्रंदिवस चालू राहत. एका मजल्यावरून ते मिळून सुमारे १,८०० सीएफएम हवा बाहेर फेकत होते. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत येणारच, तिला आपण डॅम्परचा रस्ता दिला नाही तर ती लॉबीच्या दारातून, जिन्यातून, इलेक्ट्रिकल शाफ्टमधून, खिडक्यांच्या चौकटींतल्या फटींतून येईल. डॅम्परमधून आलेली हवा निदान आधी कॉइलवरून जाते, तिथे पाणी टाकते आणि मग माणसांपर्यंत पोचते. फटींतून आलेली हवा आपले सगळे पाणी घेऊन थेट फॉल्स सीलिंगच्या पोकळीत शिरते, जिथे १३-१४ अंशांचे थंडगार डक्ट तिची वाट पाहत असतात. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा, त्या दिवशी २४ अंश होता. ओलावा अडवण्यासाठी बंद केलेल्या डॅम्परनेच ओलावा घरात घेतला होता, आणि माणसांना ताजी हवाही मिळत नव्हती. त्याच मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत दुपारी कार्बन डायऑक्साइडचा आकडा २,४०० पीपीएम निघाला, जेव्हा बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. त्या खोलीतली माणसे जेवणानंतर पेंगतात असे सगळे थट्टेने म्हणत असत. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटले.

आम्ही नंतर केले ते साधे होते, पण त्याला पंधरा दिवस लागले. हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर घेऊन प्रत्येक मजल्याचा एक्झॉस्ट मोजला, फ्रेश एअर डॅम्पर अशा बेताने उघडून कायम केले की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहील, आणि डॅम्परच्या दांड्यावर लाल रंगाने खूण केली. एक्झॉस्टचे पंखे टायमरवर घेतले, म्हणजे रात्री एएचयू बंद असताना ते इमारतीला बाहेरची हवा पाजत बसणार नाहीत. शाफ्टमधून केबल जिथे मजल्यात शिरतात तिथली भोके अग्निरोधक सीलंटने बुजवली, हे तर आगीच्या दृष्टीनेही व्हायलाच हवे होते. फाटलेले इन्सुलेशन बदलले. लॉबीच्या दाराशी कागदाची पट्टी धरली तेव्हा ती बाहेरच्या बाजूला किंचित झुकली. अलीकडच्या इमारतींत ताजी हवा वेगळी सुकवून देणारे टीएफए युनिट गच्चीवर बसवतात, त्यातल्या फिरत्या चाकातून बाहेर जाणारी कोरडी हवा आत येणाऱ्या हवेचा ओलावा स्वतःकडे घेते आणि चिलरचा भार हलका होतो. आमच्या इमारतीत ती सोय नाही, आणि नवीन इमारत बांधणाऱ्या कोणीही त्यात काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यातली दुसरी अडचण थर्मोस्टॅटची आहे. बाहेर २५-२६ अंश असताना खोली लवकर २४ वर येते, थर्मोस्टॅट समाधान पावतो, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि कॉइल कोमट होते. पंखा मात्र चालूच असतो आणि कॉइलवर चिकटलेले पाणी पुन्हा हवेत मिसळतो. तापमान बरोबर असूनही कागद मऊ पडतात, गालिचाला वास येतो, माणसे "गुदमरल्यासारखे होते" असे सांगतात. अशा वेळी सेटिंग २० वर आणणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण बाहेरचा दवबिंदू २४ असताना आतल्या भिंती आणि काचा २० वर नेल्या तर जिथे जिथे बाहेरची हवा शिरेल तिथे त्यांना घाम फुटणार. आम्ही तापमान २४ वरच ठेवतो आणि व्हीएफडी या वेगनियंत्रकावरून पंख्याचा वेग उतरवतो. कमी हवा थंड कॉइलवरून सावकाश जाते, तिचे पाणी गळते, आणि खोली जास्त गार न होता कोरडी होते. ज्यांच्या टेबलावर वारा लागणे कमी होते ते पहिले दोन दिवस कुरकुरतात, आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली आली की कुरकुर थांबते.

सोमवारची सकाळ हा वेगळा विषय होऊ शकेल. शुक्रवारी संध्याकाळी प्लांट बंद होतो आणि दोन दिवसांत खुर्च्यांचे कापड, फायली, गालिचे, पार्टिशनचे लाकूड हे सगळे हवेतला ओलावा पीत बसतात. सोमवारी नऊ वाजता ताजी हवा आणि थंड हवा एकदम सोडली तर डिफ्यूझर हमखास ठिबकतात. म्हणून जून ते सप्टेंबर दर सोमवारी आमचा माणूस सहाला येतो, फ्रेश एअर बंद ठेवून आतलीच हवा कॉइलवरून फिरवत राहतो, आणि माणसे येऊ लागली की डॅम्पर लाल खुणेपर्यंत उघडतो. पहाटेच्या त्या दोन-अडीच तासांत ड्रेनमधून वाहणारे पाणी पाहिले की इमारतीने सुटीत किती ओलावा धरला होता ते कळते.

कँटीनच्या स्वयंपाकघरात एअर वॉशर आहे, म्हणजे मोठा कूलरच. नागपूर-अकोल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या तत्त्वाने मे महिना सुसह्य करतो तेच तत्त्व. ओल्या तापमापकावर २१ असताना तो उत्तम चालतो. पावसाची हवा आली की त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, नाहीतर आचाऱ्यांना वाफेत उभे केल्यासारखे होते. मुंबईत कूलर का चालत नाही याचे उत्तरही एवढेच आहे.

हस्त नक्षत्र सरले की ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वारे फिरतात आणि ओला तापमापक भराभर खाली येऊ लागतो. ऑक्टोबरची दुपार तापलेली असली तरी हवा सुकलेली असते, त्यामुळे डॅम्पर लाल खुणेच्या पुढे उघडण्यास हरकत नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माझा सर्वांत आवडता काळ आहे. सकाळी बाहेर १२-१५ अंश असतात, आत संगणकांची आणि माणसांची उष्णता असते, तेव्हा डॅम्पर सताड उघडून बाहेरचीच हवा खेळवली की अकरा वाजेपर्यंत चिलर सुरू करावा लागत नाही. या काळात अडसर असतो तो धुराचा. थंडीत हवेचा खालचा थर जमिनीलगत कोंडलेला राहतो, वाहनांचा आणि कचरा जाळल्याचा धूर त्यातच साठतो, आणि दिवाळीच्या रात्री तर डॅम्पर किमान खुणेवर आणणेच शहाणपणाचे असते. जून ते सप्टेंबर महिनोन्महिने टिकणारे फिल्टर डिसेंबरमध्ये काही आठवड्यांतच काळे होतात. ते किती दिवस वापरले यावर न जाता त्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मॅनोमीटरवर पाहून बदलावेत, कारण तुंबलेला फिल्टर हवा अडवतो आणि महिनाभर नीट राखलेला दाबाचा तोल हळूहळू बिघडवतो.

थंडीतला एक प्रश्न मात्र मला अजून सोडवता आलेला नाही. पहाटे बाहेर ११-१२ अंश आणि आत २४ असले की पस्तीस मीटर उंचीची ही इमारत धुराड्यासारखी वागते. आतली उबदार हलकी हवा जिन्यांतून आणि लिफ्टच्या शाफ्टमधून वर चढते, माथ्यावरच्या फटींतून निसटते, आणि तिच्या जागी तळमजल्यावरून गार हवा आत ओढली जाते. हा जोर तळापासून माथ्यापर्यंत मिळून १५ पास्कलच्या आसपास भरतो. रात्रपाळीचा पहारेकरी लॉबीत कानटोपी घालून बसतो आणि नवव्या मजल्यावर लिफ्टच्या दारातून बारीक शीळ ऐकू येते. माथ्यावरच्या मशीनरूमच्या दाराला गेल्या डिसेंबरमध्ये रबरी पट्ट्या लावल्या, त्याने शीळ निम्म्यावर आली. लॉबीला दुहेरी दार करण्याचा प्रस्ताव मी लिहून दिला आहे, त्याला अजून मंजुरी आलेली नाही. तोवर पहारेकऱ्याची खुर्ची आम्ही दारासमोरून हलवून खांबाच्या आडोशाला ठेवली आहे.